ग्रीक संस्कृती शिकवायची तर सुरुवात व्हिडिओंपासून नको, खापऱ्यांपासून करा

खापरी (धागाकर्ता)

आठवी ते बारावीच्या वर्गात प्राचीन ग्रीस शिकवायचा म्हटला की हल्ली ठरलेली वाट असते. यूट्यूबवरचा एक व्हिडिओ लावायचा आणि मग दहा प्रश्नांची चाचणी घ्यायची. "अथेन्समध्ये लोकशाही होती" हे वाक्य मुलं ऐकतात, लिहून देतात आणि विसरतात. हे कुणी सांगितलं, कशावरून, हा प्रश्न वर्गात उभाच राहत नाही. त्याचं उत्तर देणारी साधनं मात्र आज नेटवर फुकट पडून आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या तासाला मूळ पुरावा मुलांच्या हातात द्यावा.

एक धडा पुरता मांडतो. विषय ऑस्ट्रासिझम. यंदा कुणाला हद्दपार करायचं का, हे अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा ठरवत. हो ठरलं तर मडक्याच्या फुटक्या तुकड्यावर नाव कोरून मतदान होई. ज्याचं नाव निघे तो दहा वर्षं शहराबाहेर. मालमत्ता त्याचीच राही. किमान ६,००० मतं लागत. ती एकूण मतं की एकट्या माणसाविरुद्धची, याबद्दल प्लुटार्क हा प्राचीन लेखक एक सांगतो, फिलोकोरस हा दुसरा प्राचीन लेखक वेगळंच. हा मतभेद मुलांपासून लपवू नका.

अथेन्सच्या अ‍ॅगोरात (जुन्या बाजारचौकात) अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संस्था १९३१ पासून उत्खनन करते आहे. तिथल्या वस्तूंचा संग्रह छायाचित्रांसह खुला आहे. त्यात शोधासाठी रोमन लिपीत नाव टाकताना लॅटिन वळणाचा 'सी' आणि ग्रीक वळणाचा 'के', दोन्ही करून पाहा. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर बऱ्याच नोंदी निसटतात. दहा-बारा खापऱ्यांची छायाचित्रं ए-४ कागदावर छापा, चार-चार मुलांचे गट करा. पहिल्या तासाला फक्त नावं वाचायची. दुसऱ्या तासाला अक्षरांच्या वळणावरून 'एका हाताच्या' खापऱ्या वेगळ्या काढायच्या. हे झाल्यावरच सांगा की अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९३७ साली थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या नेत्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या आणि त्या केवळ १४ हातांनी लिहिलेल्या आहेत. मतदानात लबाडी होती, की लिहिता न येणाऱ्यांसाठी आधी तयार करून ठेवलेल्या? अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. वर्गातही बोलू द्या.

हा धडा हमखास फसतो तो वर्णमालेच्या तक्त्यापाशी. नेटवर मिळणारा तक्ता आयोनियन (पूर्वेकडच्या ग्रीकांच्या) वर्णमालेचा असतो आणि ती अथेन्सने अधिकृतपणे इ.स.पू. ४०३/२ मध्ये स्वीकारली. त्याआधीच्या, अथेन्सच्या स्वतःच्या अ‍ॅटिक लिपीत लॅम्डा इंग्रजी 'एल'सारखा दिसतो, आणि तक्त्यात लॅम्डा म्हणून दिलेली आकृती तिथे गॅमा असते. एटा हे अक्षर 'ह' उच्चारासाठी आहे, ओमेगा नाहीच. अ‍ॅटिक तक्ता दिला नाही तर मुलं दहा मिनिटांत हात टेकतात.

कालपट

सहमत नाही. धड्यात खोट नाही, क्रमात आहे.

थेमिस्टोक्लीस कोण हे ठाऊक नसलेल्या मुलाला ती खापरी म्हणजे निव्वळ अक्षरओळख. पर्शियाविरुद्धची मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९०, पहिलं ऑस्ट्रासिझम ४८७, पर्शियाविरुद्धचीच सॅलॅमिसची आरमारी लढाई ४८०, आणि ज्याने सॅलॅमिस जिंकून दिलं त्याचीच हद्दपारी ४७१ च्या सुमारास. ही साखळी डोळ्यांपुढे असेल तरच "याला का काढलं?" हा प्रश्न मुलाच्या मनात येतो. त्यात इ.स.पू. चे आकडे उलटे चालतात. ४७१ हे ४८० च्या आधीचं असं समजणारी मुलं अकरावीतही असतात.

म्हणून पहिला तास कालपटाचा. भिंतीवर दोरी लावा, एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. इ.स.पू. ७७६ पासून १४६ पर्यंत ६ मीटर ३० सेंटिमीटर होतात, वर्गाच्या एका भिंतीत बसतात. त्यात ४९० ते ४०४ हा ज्याचा आपण सतत उल्लेख करतो तो काळ जेमतेम ८६ सेंटिमीटरचा असतो. हे नुसतं पाहूनच मुलांना बरंच कळतं.

आणि व्हिडिओ म्हणजे सगळा कचरा नव्हे. येल विद्यापीठाने इतिहासकार डोनल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीसवरचा २४ व्याख्यानांचा पूर्ण अभ्यासक्रम खुला ठेवला आहे, लिखित संहितेसह. बहुतेक व्याख्यानं बरीच लांब आहेत, ती वर्गात लावू नका. शिक्षकाने संहिता वाचावी आणि आपला तास त्यावर बांधावा.

खापरी

केगन यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध टाळता आलं असतं, हे त्यांनी आयुष्यभर मांडलेलं मत. त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थ्यूसिडिडीझ पहिल्या पुस्तकाच्या २३ व्या प्रकरणात नेमकं उलटं सांगतो: अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाला वाटलेली भीती यांमुळे युद्ध भाग पडलं. व्याख्यान इतकं प्रवाही आहे की ऐकणाऱ्याला ते एका बाजूचं मत आहे हे जाणवत नाही. आधी थ्यूसिडिडीझचा उतारा वाचलेला असेल तर जाणवतं. दोरीचा तास मान्य, पण त्याला वीस मिनिटं पुरतात.

पाटीपेन्सिल

तुम्ही दोघंही गृहीत धरताय की वर्ग इंग्रजी वाचतो. मराठी माध्यमाच्या नववीत ते चालत नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या ऑनलाइन ग्रंथालयात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस आहे, पण अनुवाद गॉडली यांचा, १९२० च्या दशकातला, मुद्दाम जुन्या धाटणीच्या इंग्रजीत केलेला. तो यांत्रिक भाषांतरात घातला तर मराठीत वाक्याचा कर्ताच हरवतो. मूळ ग्रीक मजकूर अशा यंत्रात टाकणं तर त्याहून वाईट, कारण ती यंत्रं सहसा आधुनिक ग्रीकसाठी घडवलेली असतात.

यावर उपाय एकच. शिक्षकाने आठ-दहा ओळींचा उतारा स्वतः मराठीत आणायचा. सातव्या पुस्तकाचं ६० वं प्रकरण घ्या. पर्शियाचा राजा झर्क्सिसने सैन्य कसं मोजलं ते तिथे आहे: दहा हजार माणसं एका जागी दाटीवाटीने उभी केली, भोवती रेघ ओढली, त्या रेघेवर कमरेइतकं कुंपण घातलं आणि पुढच्या तुकड्या त्यात भरत गेले. एकूण पायदळ १७ लाख. आता गणित. चार-चारच्या रांगा, दोन रांगांत एक मीटर अंतर, तर सैन्याची लांबी ४२५ किलोमीटर. दहा-दहाच्या रांगा केल्या तरी १७० किलोमीटर. पाणी कुठून, धान्य कुठून, हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात, आणि इतिहासकाराचा आकडा तपासायचा असतो हे त्यांना त्यातूनच उमगतं.

वहीत संदर्भ लिहिताना '७.६०' असाच लिहायला लावा. संकेतस्थळाचा पत्ता लिहिला तर तो बदलला की संदर्भ मेला; ७.६० मात्र जगातल्या कुठल्याही आवृत्तीत सापडतं. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोशातल्या ग्रीसविषयक नोंदी नेटवर आहेत, त्या शिक्षकाने आधी वाचाव्यात.

त्रिमिती

चित्रफिती आणि त्रिमितीय पुनर्रचनांना सरसकट हाकलू नका. काही गोष्टी पुराव्याच्या छायाचित्रातच चुकीच्या दिसतात.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पपट्टी पाहा. लांबी सुमारे १६० मीटर, उंची एक मीटर. ब्रिटिश म्युझियमच्या छायाचित्रांत ती डोळ्यांसमोर, सपाट उजेडात, पांढरीशुभ्र दिसते. मूळ जागी ती जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंच होती, बाहेरच्या खांबांच्या आत, छताच्या सावलीत. खालून पाहणाऱ्याला खांबांमधल्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी, मान वर करून दिसायची. शिवाय ती रंगवलेली होती. २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांना पार्थेनॉनच्या शिल्पांवर इजिप्शियन निळ्याचे अंश मिळाले. नुसत्या छायाचित्रांवर शिकवलं तर 'पांढरं ग्रीस' हा गैरसमज आपणच पक्का करतो.

पुनर्रचना वापरताना एक पथ्य पाळा. प्रतिमानातला कोणता भाग सापडलेला आणि कोणता कल्पिलेला, हे वेगवेगळ्या छटांत दाखवलेलं नसेल तर ते बाजूला ठेवा.

लेणीवाट

आपल्याकडे थेट दुवा असताना सुरुवात अथेन्सपासून का? कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. नाशिकच्या १७ व्या लेण्यात धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या उत्तरेकडच्या योनकाचा (म्हणजे यवनाचा) लेख आहे. मुलांना शनिवारी नेऊन दाखवता येतं. आधी ते दाखवा, मग ग्रीसकडे चला.

कालपट

लेणी जरूर दाखवा, पण ग्रीसची सुरुवात म्हणून नको. कार्ल्याचे ते लेख इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले. माझ्या दोरीच्या मापाने पेरिक्लीस या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या नेत्यापासून तिथपर्यंत साधारण पाच मीटर अंतर आहे, म्हणजे दोरी संपल्यानंतरही भिंत पुढे जाते. त्या दात्यांची नावं बहुतेक भारतीय आहेत आणि 'यवन' म्हणजे तिथे नेमके कोण, यावर वाद आहे. पहिल्याच तासाला हे केलं तर सॉक्रेटिसचे वंशज कार्ल्यात खांब उभारत होते असं चित्र मुलांच्या डोक्यात बसतं आणि पुढे ते निघत नाही. भारताचा दुवा हवाच असेल तर त्याच काळातला घ्या: हिरॉडोटस ७.६५, झर्क्सिसच्या सैन्यातले सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्यं घेतलेले भारतीय.

खापरी

व्हिडिओंविरुद्ध माझा खरा आक्षेप अजून सांगायचा राहिलाय. त्यांत गुलामगिरीला दोन वाक्यं मिळतात. शिलालेखात माणसं दिसतात.

इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समधल्या हर्मिस या देवाच्या मूर्तींची तोडफोड झाली. दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त झाली आणि ४१४ मध्ये लिलावात विकली गेली. त्या विक्रीच्या याद्या दगडावर कोरल्या, त्यांचे तुकडे अ‍ॅगोरात सापडले. ग्रीक शिलालेखांच्या 'आयजी' या संग्रहात शोधायचा क्रमांक: आयजी १ (तिसरी आवृत्ती), ४२१. पायरियस या अथेन्सच्या बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरस या परदेशी रहिवाशाचे १६ गुलाम त्यात आहेत. थ्रेशियन स्त्री १६५ द्राख्मा (अथेन्सचं चलन). सीरियन पुरुष ३०१. कॅरियन मुलगा १७४. कॅरियन लहान मुलगा ७२. नावं नाहीत, फक्त मुलूख आणि किंमत. सोळांची सरासरी १५७ येते. ती मुलांना काढू द्या.

दोन ठिकाणी चूक होते. प्रत्येक ओळीत दोन आकडे आहेत, पहिला विक्रीकर आणि दुसरा किंमत; घाईत कर हीच किंमत समजली जाते. आणि चौकटी कंसातला मजकूर दगडावर नाही, तो संपादकाने भरलेला आहे. छापण्यासाठी मजकूर उचलताना कंस गळून पडतात आणि अंदाज पुरावा होऊन बसतो. छापलेली प्रत पडद्यावरच्या मजकुराशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

कालपट

हा दगड मला पटला. पण १५७ द्राख्मा म्हणजे किती, हे चौकटीशिवाय पुन्हा अधांतरीच. अथेन्समधल्या एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब (इ.स.पू. ४०९ च्या पुढचे) सोबत द्या. तिथे कुशल कारागिराला दिवसाला एक द्राख्मा पडतो, आणि नागरिक, परदेशी, गुलाम यांच्या नावापुढे तोच दर दिसतो. म्हणजे एक माणूस साधारण पाच महिन्यांच्या मजुरीत विकत मिळत होता, आणि त्याच्या नावाने येणारी मजुरी त्याच्या मालकाला मिळू शकत होती.

माझा क्रम असा राहील: पहिल्या तासाला दोरी, दुसऱ्या तासाला ही यादी, कारण तिला अनोळखी लिपी लागत नाही, भाषांतर आणि बेरीज पुरते. खापऱ्या तिसऱ्या तासाला, अ‍ॅटिक तक्ता हातात देऊनच.