धुराड्याच्या फोटोत मृत्यू आला कुठून?

मजगावकर
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, धुराड्याचा फोटो कृष्णधवल करून स्पर्धेला पाठवला होता. परीक्षक म्हणाले, "मृत्यूचं प्रतीक छान साधलंय." मी गप्प. माझे पप्पा तीस वर्षं मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. मजगावच्या आमच्या गच्चीवरून ते धुराडं दिसायचं. सकाळी धूर दिसला की पप्पा म्हणायचे, "आज भट्टी लागली." मग आई डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालायची, ओतायच्या दिवशी घरी यायला रात्र व्हायची म्हणून. धूर नसला की घरात कुणी फार बोलायचं नाही. मग मृत्यू कुठला?

लाल काच
आकाशातला! एडिट करताना लाल फिल्टर लावलास ना? त्यानं निळं आकाश काळं पडतं नि पांढरा धूर अंगावर येतो. धुराडं बिचारं होतं तिथंच आहे. जर्मनीचं फोटोग्राफर जोडपं बर्न्ड आणि हिला बेखर या भानगडीतच पडायचे नाहीत. ढगाळ उजेड, कॅमेरा सरळ समोर, फोटोत माणूस नाही. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या अशाच टिपायच्या आणि एकाच जातीचे फोटो ओळीनं शेजारी लावायचे. १९९० साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं, तेही शिल्पकलेचं.

निपाणीची
बेखर मला फार कोरडे वाटतात. त्यापेक्षा अमेरिकेची फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट बघा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यात शिरली, तर वितळलेल्या धातूचा लाल उजेड तेव्हाच्या फिल्मवर उमटेचना. डोळ्यांना जे सगळ्यात झळझळीत, तेच फोटोत काळं! शेवटी मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून फोटो काढले. फिल्मला लाल दिसत नाही, परीक्षकाला डबा दिसत नाही. चालायचंच.

मजगावकर
रविवारी पप्पांना फोटो दाखवला. परीक्षकाचं काही सांगितलं नाही. चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकापाशी धरला नि म्हणाले, "आत्ताच पेटवल्यात. लाकडं ओली हुती बघ."
बेखरांसारखं आकाश राखाडी करून बघितलं. धूर त्यातच विरघळतो, आणि पप्पा वाचतात तो धूरच. काळंच ठेवलंय.