तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्यात वरचा कोण?

प्रश्न
वडिलांच्या पश्चात वारसनोंदीसाठी महिनाभर हेलपाटे घालत आहे. शेतजमिनीची नोंद तलाठ्यांकडे आणि घराची ग्रामपंचायतीकडे, असे सांगण्यात आले. घराचे काम अडले म्हणून तहसीलदारांकडे अर्ज दिला, तर ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाले. मग तालुक्याचा प्रमुख नेमका कोण?

प्रतिसाद १
आपण एकच उतरंड गृहीत धरली आहे, म्हणून घोटाळा होतो आहे. महाराष्ट्रात ६ महसुली विभाग व ३६ जिल्हे असून विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी), तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी ही साखळी १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाने चालते. दुसरी साखळी १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातून आली. तीत जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला गटविकास अधिकारी आणि गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) असतात. घराची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडेच द्यावी लागेल.

प्रतिसाद २
कागदांची नावेही फसवी आहेत. तलाठ्यांकडचा ‘आठ-अ’ म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा, तर ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ म्हणजे घराच्या कर आकारणीचा; मी स्वतः एकाच्या जागी दुसरा घेऊन परत आलो आहे. शेताच्या बाबतीत तलाठी आधी वारस नोंदवहीत नोंद घेतात, मग फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) धरतात, हरकतीसाठी नोटीस काढतात आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित नोंद मान्य नसेल तर अपील प्रांतांकडे करायचे असते, तहसीलदारांकडे नव्हे. यात पुष्कळांची गल्लत होते. (आता तलाठ्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, पण गावात कोणी तसे म्हणत नाही.)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे जिल्ह्यात तरी जिल्हाधिकारी हेच सर्वांचे वरिष्ठ, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद ३
तसे म्हणता येणार नाही. मुख्य कार्यकारी अधिकारीही बहुधा भारतीय प्रशासकीय सेवेतलेच असतात आणि ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करत नाहीत. मात्र ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेसारखी काही प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतात, तर सरपंचाला गैरवर्तनाबद्दल पदावरून काढण्याचा विषय विभागीय आयुक्तांपुढे जातो, त्यामुळे दोन्ही साखळ्या अगदीच अलिप्त आहेत असेही नाही. मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत जिल्हा परिषदच नसल्याने तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. आपण घराचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे नव्याने लिहावा, मृत्यू दाखला जोडावा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.