विणकामाने जीवाची धडधड कमी होते का?

लातूरवाली: पोरगी इथं नीटचा क्लास करायलीय, मी रूम करून तिच्यासोबत राहते. ती अभ्यासाला बसली की मलाच धडधड व्हायलीय, झोप नाही. शेजारची म्हणली विणकाम कर, पण मे महिन्यात लोकर कोण धरणार हातात?

परभणीकरीण: लोकर नका घेऊ ताई, सुती धागा घ्या. ४ एमएमच्या सुया, २० टाके घाला अन् नुसतं सुलट सुलट विणत जा, टाके मोजता मोजता बाकीचं मागं पडतं बघा. माझा पहिला रुमाल तिरका झाला, २० चे ३१ कसे झाले देव जाणे.

पुस्तकी किडा: २०१३ च्या एका सर्व्हेत ३,५४५ विणणारे होते, जास्त वेळा विणणाऱ्यांनी शांत वाटतं सांगितलं. पण ते आधीच विणकामाचे शौकीन, हेही धरा.

बीडचा: आमची आजी वाकळ शिवत बसायची, तेच की हे. झोपच नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

लातूरवाली: बरं. सुया इथल्या गंजगोलाईच्या बाजारात मिळतील का?