चिऱ्यांच्या जुन्या घरासाठी राउटर कोणता घ्यावा?

प्रश्न (डिचोली): आमच्या जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती दीड फूट जाड असून मध्ये राजांगण (उघडा चौक) आहे. फायबरची जोडणी पुढच्या बैठकीत आहे, पण मागच्या खोलीत, जिथे मुलगी अभ्यासाला बसते, तिथे सिग्नल जेमतेम पोहोचतो. महागडा राउटर घेतल्याने अडचण सुटेल का?

उत्तर (फोंडा): माझ्या मते सुटणार नाही. राउटरच्या प्रसारणशक्तीला नियमांची मर्यादा असते, शिवाय मोबाइललाही आपला क्षीण सिग्नल त्याच भिंतींतून परत पाठवावा लागतो. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतात, 2.4 गिगाहर्ट्झच्या त्यामानाने पुढे जातात, आणि पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा हा फरक अधिकच जाणवतो. त्यामुळे कॅट-6 (नेटवर्कची) केबल मागच्या खोलीपर्यंत न्यावी आणि तिथे साधा ड्युअल-बँड (दोन्ही लहरींवर चालणारा) राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे उपकरण) म्हणून, म्हणजे त्याचे डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचे काम) बंद करून, बसवावा. केबल 100 मीटरपर्यंत व्यवस्थित चालते.

उत्तर (पेडणे): सहमत आहे, मात्र केबल राजांगणातून उघड्यावरून नेऊ नका. मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा अशाच केबलमुळे आमची दोन्ही उपकरणे जळाली. गडगडाट सुरू होताच प्लग काढावेत.

उत्तर (मडगाव): राउटर कपाटात न ठेवता उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 हा पर्याय निवडा आणि ॲडमिनचा (राउटरच्या सेटिंग्जचा) मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. केबल माळ्यावरून नेतो.