प्रति: फ्रेडरिक्सबर्ग अर्ध्या दिवसात?

वर कुणीतरी विचारलंय की टेक्सासमधल्या ऑस्टिनहून फ्रेडरिक्सबर्ग अर्ध्या दिवसात होईल का, तर प्लीज असं करू नका, एक रात्र तरी मुक्काम ठेवाच. १८४६ साली जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, त्यामुळे मेन स्ट्रीटवर श्नित्झेल, ब्राटवुर्स्टसारखे जर्मन मांसाहारी पदार्थ मिळतातच, पण जून-जुलैत गेलात तर रस्त्याकडेच्या स्टॉलवरचे पीच अजिबात सोडू नका, रस पार मनगटापर्यंत ओघळतो! गावाजवळचा एन्चँटेड रॉक मात्र सकाळीच चढा, गुलाबी ग्रॅनाइटचा सव्वाचारशे फुटी उघडा घुमट आहे, वर सावली जवळपास नाहीच, आणि वीकेंडला पार्क भरलं की गेट बंद करतात म्हणून डे पास आधीच ऑनलाइन बुक करा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन नौदलाचं नेतृत्व करणारे अ‍ॅडमिरल निमिट्झ याच गावचे, त्यामुळे पॅसिफिक वॉर म्युझियमला निदान तीन तास द्या, खरंच वर्थ आहे.