विद्यार्थी थरारपटाची पहिली दोन मिनिटे: उत्कंठा कशी उभी करावी?

प्रश्न (तिसरी घंटा):

नमस्कार. आम्ही जनसंज्ञापन अभ्यासक्रमाचे विद्यार्थी असून या सत्रात आम्हाला एका थरारपटाची केवळ सुरुवात, श्रेयनामावलीसह दोन मिनिटांची, चित्रित करून द्यायची आहे. पुण्यातील एका जुन्या इमारतीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलगी रात्री उशिरा परतते, घरमालकीण काकू गावी गेलेल्या असतात आणि घरात आधीच कुणीतरी शिरलेले असते, एवढीच कथा आहे. सध्याच्या आराखड्यात अंधारा जिना, मागून येणारी पावले, मुखवटा घातलेला माणूस, सुरा, किंकाळी आणि त्यावर शीर्षक असा क्रम आहे. आमच्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे की, यात दचकवणे आहे, पण उत्कंठा नाही. हाताशी एक मोबाइल, एक ट्रायपॉड, दोन कलाकार आणि एका मैत्रिणीच्या आत्याचे रिकामे घर, तेही एकाच रात्रीपुरते, एवढेच आहे. या मर्यादेत आखणी कशी करावी?

उत्तर १ (कच्चा खर्डा):

तुमच्या सरांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हाच फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने स्पष्ट केला होता: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक 15 सेकंद दचकतो, पण बॉम्ब आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीच्या निरर्थक गप्पासुद्धा तो 15 मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणून शॉटची यादी करण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा. एकात मुलीला काय ठाऊक आहे आणि दुसऱ्यात प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, हे क्रमाने लिहीत जा. तुमच्या सध्याच्या आराखड्यात हे दोन्ही रकाने शेवटपर्यंत सारखेच राहतात, आणि घोटाळा तिथेच आहे.

तुमच्याच कथेत, तुमच्याच साधनांत बसेल अशी एक मांडणी सुचवतो. सकाळ. स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत उघडणाऱ्या दाराची कडी मुलगी लावते, दार एकदा ओढून पाहते आणि निघून जाते. रात्र. पुढच्या दारात किल्ली फिरते; खांदा आणि कान यांच्यात फोन धरून ती आईशी बोलत आत येते. कॅमेरा मात्र तिच्याबरोबर नाही, तो स्वयंपाकघरात आहे. चौकटीत अगदी जवळ ती कडी लोंबते आहे आणि तिच्यामागे, पॅसेजच्या दिव्यात, धूसर दिसणारी मुलगी चपला काढते आहे. आई विचारते, "मागचं दार लावलंयस ना?" मुलगी म्हणते, "सकाळीच लावलंय गं." ती खोटे बोलत नाही, आणि प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो नेमका त्यामुळेच. यानंतर ती पाणी प्यायला आत येते, पाठमोरी उभी राहून पेला भरते, आणि तिने मान वळवावी म्हणून प्रेक्षक तळमळत असताना तशीच बाहेर जाते.

आता शेवट. फोन चार्जिंगला लावून ती पेला ठेवायला पुन्हा आत येते तेव्हा तिची नजर दाराकडे जाते, आणि कडी लावलेली असते. तिला जे दिसते ते अपेक्षितच असल्याने ती निर्धास्तपणे दिवा मालवते. कडी आतून लागली आहे, म्हणजे लावणाराही आतच आहे, हे फक्त प्रेक्षकाला कळलेले असते. यात मुखवटा नाही, सुरा नाही आणि दुसऱ्या कलाकाराला तर फक्त आईचा आवाज द्यायचा आहे.

उत्तर २ (जुने रीळ):

वरील मांडणी मला आवडली, पण सकाळचे दृश्य मला अनावश्यक वाटते, कारण आईच्या प्रश्नातून तीच माहिती मिळते आणि दोन मिनिटांच्या तुकड्यात दहा सेकंद म्हणजे फार मोठी चैन आहे. प्रेक्षकाला थोडे काम करू द्यावे, या मताचा मी आहे.

या संदर्भात फ्रिट्झ लांग यांच्या 1931 सालच्या 'एम' या जर्मन चित्रपटाची सुरुवात तुम्ही सर्वांनी एकत्र बसून, आवाज बंद करून आणि मग आवाजासह, अशी दोनदा पाहावी. शाळेतून परतणारी एल्सी नावाची मुलगी रस्त्यात चेंडू खेळते. तो चेंडू ज्या खांबावर आपटतो त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणारे पत्रक लावलेले आहे, आणि त्याच पत्रकावर एका माणसाची सावली पडते. पुढे लांग खुनाच्या जागी कॅमेरा नेतच नाहीत. घरी आई वाट पाहते, घड्याळाकडे बघते, हाका मारते, आणि त्या हाकांवर आपल्याला रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा आणि टेबलावरची न वापरलेली ताटली दिसते. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. यातले काहीही महागडे नाही. तो लांग यांचा पहिला बोलपट होता, हे लक्षात घेतले तर ध्वनी कुठे वापरायचा आणि कुठे रोखायचा याची त्यांची जाण अधिकच थक्क करते. खुन्याची ओळख तर पुढे त्याच्या शिट्टीवरूनच पटते.

तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा की, भीती माणसाच्या चेहऱ्यात नसून वस्तूच्या बदललेल्या स्थितीत ठेवता येते. कडी हे काम करतेच आहे; तिच्या जोडीला दुसरी एखादी वस्तू आणू नका, नाहीतर लक्ष विभागले जाईल.

उत्तर ३ (कातर):

सकाळच्या दृश्याबद्दल मी असहमत आहे. संकलनाच्या टेबलावर नेहमी दिसणारी गोष्ट अशी की, लेखकाला जी वस्तू डोळ्यांत भरेलशी वाटते, ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला दिसतच नाही. लोंबणारी कडी ही उघडी कडी आहे, हे समजायला ती बंद असताना एकदा पाहिलेली असणे गरजेचे आहे. मात्र या वादाचा निकाल इथे लावण्याची गरज नाही. शूटिंगच्या आधी त्याच घरात प्रत्येक शॉटचे मोबाइलवर एकेक स्थिर छायाचित्र काढा, ती ओळीने लावून तात्पुरते संवाद भरा आणि कथा ठाऊक नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा. सकाळचे दृश्य असलेली आणि नसलेली अशा दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवा आणि शेवटी एवढेच विचारा की, कडी कुणी लावली?

तांत्रिक बाबींपैकी काही गोष्टी आत्ताच ठरवून घ्या. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला 30 चौकटी (फ्रेम) आणि एक साठांश सेकंदाचे शटर, म्हणजे प्रत्येक चौकट उजेड घेते तो काळ, अशा वेगाने चित्रण केल्यास ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात पडदा लुकलुकताना दिसतो; 25 चौकटी आणि एक पन्नासांश शटर ठेवल्यास ही अडचण बहुधा येत नाही. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि फोकस लॉक करा, अन्यथा मुलगी चौकटीत येताच मोबाइल आपल्या मर्जीने उजेड बदलेल आणि कडी सोडून तिच्या चेहऱ्यामागे धावेल. अंधार दाखवायचा म्हणजे सगळे दिवे बंद करायचे नसतात. पॅसेजमधला एकच दिवा चालू ठेवा, तो कडीच्या मागून तिरका पडेल असे पाहा, आणि पांढऱ्या भिंतींवरून उजेड परतत असेल तर चौकटीबाहेरच्या भिंतीवर गडद चादर लावा. लोखंडाची कड चमकली की काम झाले.

ध्वनीसाठी खरा शत्रू फ्रिज आहे. संवाद घेताना तो बंद ठेवा, आणि नंतर चालू करायला विसरू नये म्हणून आपल्या घराची किल्ली त्याच्यातच ठेवून द्या. ध्वनिमुद्रण करणारे लोक हा उपाय खरोखर करतात. रिकाम्या खोलीचा आवाज सर्वांनी गप्प उभे राहून मिनिटभर वेगळा मुद्रित करा. फ्रिजची घरघरही नंतर वेगळी मुद्रित करा, कारण मुलगी दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात येण्यापूर्वी ती घरघर एकाएकी थांबवता येईल, आणि त्या शांततेत पॅसेजमधून ऐकू आलेला कडीचा बारीक खट्ट आवाज पार्श्वसंगीताच्या दहा फटक्यांपेक्षा जास्त काम करील. पार्श्वसंगीत वापरूच नये, असे मी म्हणेन.

प्रश्नकर्त्यांचा पुढील प्रश्न (तिसरी घंटा):

सर्वांचे आभार. स्थिर छायाचित्रांची चाचणी आम्ही नक्की करू. दोन शंका उरल्या आहेत. श्रेयनामावली कुठे बसवावी? आणि आमच्या गटातील काहीजणांना जिन्यातील पाठलाग व सुरा सोडवत नाही. तो पहिल्या अर्ध्या मिनिटात घेतला तर चालेल का?

उत्तर ४ (कच्चा खर्डा):

पाठलाग आधी दाखवला तर घरात शिरलेली मुलगी सावध असेल, आणि सावध मुलगी मागचे दार तपासल्याशिवाय राहणार नाही. म्हणजे जिना ठेवायचा तर कडी गेली. शिवाय व्यावहारिक बाजू आहे. रात्री सामाईक जिन्यात मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन धावताना आणि मुलगी किंचाळताना शेजाऱ्यांनी पाहिली, तर ते तुमचा ट्रायपॉड शोधत बसणार नाहीत, सरळ पोलिसांना बोलावतील. घरातल्या घरात चित्रण करायचे असले तरी सोसायटीच्या सचिवांना आणि वॉचमनला तारीख व वेळ आधी लेखी कळवा. रस्त्यावर किंवा आवारात खोटे शस्त्र बाहेर काढणे तर पूर्णपणे टाळा.

नावे सकाळच्या दृश्यावर आणि मुलगी जिना चढून येत असल्याच्या आवाजावर, काळ्या पडद्यावर, संपवून टाका. लोंबती कडी दिसल्यानंतर एकही अक्षर पडद्यावर येऊ देऊ नका, कारण वाचणारा डोळा शोधणे थांबवतो. शीर्षक दिवा मालवल्यानंतरच्या अंधारात.

कडीचे सर्व जवळचे शॉट कलाकार घरी गेल्यावर, पहाटे उजाडण्याआधी घ्या, म्हणजे मुलीचे काम घाईत उरकावे लागणार नाही. आणि आत्यांना आजच फोन करून मागच्या दाराला नेमके काय आहे ते विचारा. नुकतीच डागडुजी झाली असेल तर तिथे जुन्या कडीऐवजी टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवून लावायची दांडी, बसवलेला असू शकतो, आणि तो उघडा आहे की बंद हे धूसर उजेडात ओळखू येत नाही. तसे असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एक साधी कडी आणून, त्यांच्या परवानगीने, त्या रात्रीपुरती ठोकून घ्या.