अनुभव धागा: गाडी कोणती, वेग किती?

गोदाकाठ
परवा मुलाच्या मोबाइलवर ई-चलान आलं. पिकअप घेऊन वाडीवऱ्ह्याकडून घरी येत होता, वेग ९१. "पप्पा, शेजारून कार माझ्यापुढे गेली, तिला काहीच नाही?" त्याला सांगितलं, २०१८ च्या केंद्राच्या नियमात दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० आणि मालवाहू गाडीला ८०. राज्य त्याहून कमीही ठेवू शकतं, म्हणून पाटी बघायची. पिकअप दिसायला छोटी, पण धरली जाते मालवाहूतच.

त्यावरून १९९४ आठवलं. आण्णांचा ४०७ टेम्पो, गिरणाऱ्याहून टमाटे भरून वाशीला निघालेला, मी केबिनमध्ये. कसाऱ्याच्या घाटात पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला. आण्णा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, तरी गाडी सरकतच होती. मागची कॅरेटं केबिनवर धाडधाड आदळली. थांबलो तेव्हा ट्रकचा फाळका आमच्या काचेपासून हातभर होता. त्यावर मोर रंगवलेला, त्याचा एक डोळा उडालेला. ब्रेकचा जळका वास अजून नाकात आहे. आण्णा खाली उतरून चाकाशी बसून राहिले. मग म्हणाले, "गाडी थांबते रे, माल थांबत नाही."

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा.

एसटीची लेक
वडील सापुताऱ्याच्या घाटात वर्षानुवर्षं एसटी चालवायचे. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे त्यांचं ठरलेलं. आम्हा बहिणींना स्कूटी शिकवतानाही हेच सांगायचे, तिला गिअर नसतो तरी :) बाकी नंतर लिहिते, गॅसवर दूध आहे.

तीन चाकं
आम्हा रिक्षावाल्यांना शहरात काय, हायवेवर काय, ५०च. नाशकात द्वारका चौकाच्या गर्दीत १५ मिळालं तरी देव पावला! पण नाशिकरोड स्टेशनची भाडी... "दादा दाबा ना, गाडी सुटेल." दाबू कसं? पुढे एकच चाक. वळणावर हँडल जोरात फिरवलं की आतलं चाक उचलतं. एकदा उचललं होतं, मागे आजी आणि नातू. तेव्हापासून गाडी सुटली तरी चालेल, सरळ सांगतो.

सिडकोची आई
लेकीच्या स्कूल बसला वेगनियंत्रक आहे, ६० च्या वर जातच नाही. आधी वाटायचं, किती रेंगाळते ही बस. आता हे वाचून बरं वाटलं.

टूरवाला
१३ सीटरला कार समजू नका मंडळी. ड्रायव्हर सोडून ८ सीटपर्यंत कार. ९ झाल्या की बसच्या रांगेत, चौपदरीवर ९०, शहरात ६०. अर्टिगा कारमध्येच येते, नेहमी विचारतात म्हणून सांगितलं.

इगतपुरीकर
समृद्धीवर कारला १२०, बाइक-रिक्षाला बंदी. मागच्या महिन्यात नागपूरला गेलो. सरळच सरळ रस्ता, डोळा लागतो. बायकोनं दर तासाला थांबवलं. १२० आहे म्हणून १२० नेच पळवायची असं नाही.

निशिगंध
सिन्नरला जाताना ६० ऐवजी ८० ने गेलं तर ३० किलोमीटरला साडेसात मिनिटं वाचतात. मी हा हिशेब खूप उशिरा केला. माझा दीर सिन्नर फाट्याजवळ गेला. रात्री, बाइकवर. गाडी बघायला गेलो तर काचेला तडा आणि काटा ९० च्या पुढे अडकलेला. सासूबाई त्या काट्यावरून बोट फिरवत होत्या, जणू तो मागे सरकणार होता.

गोदाकाठ
ताई 🙏 काय लिहू.

एसटीची लेक
आत्ता वाचलं गं. दूध उतू गेलं, राहू दे. वय काय होतं त्यांचं?

निशिगंध
२७. पोरगी तेव्हा चार महिन्यांची, आता बारावीला आहे. शिकाऊ लायसन्स काढायचं म्हणते. मी नको म्हणत नाही, शेजारी बसून शिकवणार आहे.

तीन चाकं
ताई, आधी मोकळ्या मैदानात ब्रेक मारायला शिकवा. तो जमला की मग रस्ता.

टूरवाला
गोदाकाठ भाऊ, विषय सोडून विचारतो, गिरणाऱ्याला टमाटे कसे?

गोदाकाठ
दोन दिवस पाऊस, माल कमी आलाय. उद्या पहाटे भरायचं आहे, मुलालाच पाठवतोय. मी पण बसणार शेजारी.